विजेत्याच्या रकान्यात कोण लिहायचं? स्पेन की अर्जेंटिना (आणि मधेच लुडबुडणारं फ्रान्स)

2026 च्या फुटबॉल वर्ल्ड कपचं अंदाजपत्रक भरायला बसलोय, अंदाजपत्रक म्हणजे बजेटवालं नव्हे, मित्रामित्रांत फिरतं ते, प्रत्येक मॅचचा स्कोअर आणि शेवटी विजेता. स्कोअर काय पटापट भरून होतात, पेन अडतं ते शेवटच्या रकान्यात. ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी हे लिहितोय. आधीच सांगतो, 2022 ला मी बेल्जियमला सेमीपर्यंत नेलं होतं आणि ते ग्रुपमधूनच घरी गेले, आणि अर्जेंटिना-सौदी मॅचला 4-0 लिहिलं होतं. मॅच सौदीने 2-1 जिंकली. तेव्हा माझ्या भविष्यावर किती विसंबायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

एक गोष्ट मात्र यावेळी खरंच वेगळी आहे. 48 टीम, 12 ग्रुप, 104 मॅच, आणि नॉकआउट थेट शेवटच्या 32 पासून. म्हणजे कप उचलायचा तर 7 नाही, 8 मॅच खेळायच्या आणि त्यातल्या 5 'हरलात की संपलं' वाल्या. पाचात एकतरी पेनल्टीपर्यंत जाणार (120 मिनिटांतही बरोबरी सुटली नाही तर दोन्ही टीम पाच-पाच पेनल्टी मारतात, तेच शूटआउट) असं धरूनच चाला, अर्जेंटिनाला मागच्या वेळी चारात दोनदा जावं लागलं होतं. म्हणून माझा निकष साधा आहे, टीम किती छान खेळते ते नंतर, 120 मिनिटं संपल्यावर सेंटरलाइनवर खांद्यावर हात टाकून उभी राहिलेली टीम बघून आपल्या पोटात गोळा येतो की नाही ते आधी.

स्पेन घ्या. खेळ बघायला आत्ता यांच्यासारखं कोणी नाही यात वादच नाही, युरो 2024 ला (युरोपातल्या देशांची स्पर्धा) सातच्या सात मॅच जिंकल्या, त्यात जर्मनी, फ्रान्स, इंग्लंड लागोपाठ पाडले, आणि यांचा यमाल तेव्हा फायनलच्या आदल्या दिवशी 17 वर्षांचा झाला होता! पण वर्ल्ड कप म्हटलं की यांना काय होतं कळत नाही. 2010 ची फायनल जिंकल्यानंतर वर्ल्ड कपमध्ये एकही नॉकआउट मॅच यांनी जिंकलेली नाही. 2014 ला ग्रुपमध्येच गेले, 2018 ला रशियाकडून पेनल्टीवर, 2022 ला मोरोक्कोकडून पेनल्टीवर, आणि त्या मोरोक्कोच्या शूटआउटमध्ये तर तीन पेनल्टी मारल्या त्यातली एकही आत गेली नाही. आजवर वर्ल्ड कपमध्ये पाच शूटआउट, जिंकलंय फक्त एक, 2002 ला आयर्लंडविरुद्ध. आता कोणी म्हणेल युरोमध्ये जिंकतात की पेनल्टीवर, हो जिंकतात, पण 2025 ची नेशन्स लीगची (तीही युरोपातल्या देशांचीच स्पर्धा) फायनल पोर्तुगालकडून पेनल्टीवरच घालवली ना.

अर्जेंटिनाचं नेमकं उलटं. वर्ल्ड कपमध्ये सात शूटआउट, सहा जिंकलेत, हरले ते एकच, 2006 ला जर्मनीकडून. गोलमध्ये एमी मार्टिनेझ उभा असला की समोरचा पेनल्टी मारणारा चेंडू ठेवतानाच निम्मा हरलेला असतो. आणि या टीमला घाबरून झालेलं आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सौदीकडून हरल्यावर त्यांची प्रत्येक मॅच फायनलसारखीच होती, नेदरलँड्सविरुद्ध 2-0 वरून 2-2, फायनलमध्ये फ्रान्सविरुद्ध 80 मिनिटांपर्यंत 2-0 आणि मग 3-3, तरी उभे राहिले आणि दोन्ही पेनल्टीवर जिंकून कप घेऊन गेले. यांच्या विरोधात दोन मुद्दे आहेत आणि दोन्ही जड आहेत. मेस्सी 24 जूनला, ऐन ग्रुप स्टेजमध्ये, 39 वर्षांचा होतोय. आणि लागोपाठ दोन कप आजवर फक्त इटली (1934, 1938) आणि ब्राझील (1958, 1962) यांनाच जमलेत, म्हणजे मी जन्मल्यापासून कोणालाच नाही.

ड्रॉमध्ये, म्हणजे ग्रुप ठरवायच्या सोडतीत, एक गंमत लपलीय. स्पेनचा ग्रुप एच, सोबत उरुग्वे, सौदी आणि पहिल्यांदाच आलेलं केप व्हर्दे. अर्जेंटिनाचा ग्रुप जे, सोबत अल्जेरिया, ऑस्ट्रिया आणि तेही पहिल्यांदाच आलेलं जॉर्डन. दोघं आपापल्या ग्रुपमध्ये पहिले आले तर भेट थेट फायनलला. पण स्पेन-उरुग्वे मॅच स्पेनने घालवली आणि ते दुसरे आले तर शेवटच्या 32 मध्येच समोर ग्रुप 'जे'चा विजेता, म्हणजे बहुतेक अर्जेंटिना. म्हणून उरुग्वेची मॅच भरताना हात जपून चालवा, तिथे तुमचा अर्धा कागद फिरतो. मी 2-1 स्पेन लिहिलंय, पण दोनदा खोडून.

फ्रान्सबद्दल माझं मन सारखं बदलतं. लागोपाठ दोन फायनल, एम्बाप्पेचे दोन वर्ल्ड कपमध्ये मिळून 12 गोल (जर्मनीच्या क्लोजेचा विक्रम 16 चा), आणि 2012 पासून कोच असलेल्या दिदिए देशां यांचा कोच म्हणून हा शेवटचा कप. पण हीच टीम युरो 2024 ला सेमीपर्यंत गेली ती प्रतिस्पर्ध्याचे दोन स्वयंगोल आणि एक पेनल्टी एवढ्याच भांडवलावर, बघताना डोळा लागायचा अक्षरशः. वर्ल्ड कप शूटआउटचं खातं पाचात दोन. शिवाय पहिलीच मॅच सेनेगलशी! 2002 ला फ्रान्स चॅम्पियन म्हणून आलं, याच सेनेगलने पहिल्या मॅचला 1-0 हरवलं आणि मग पूर्ण स्पर्धेत फ्रान्सला एक गोल करता आला नाही. यावेळी तसं होणार नाही, पण 1-1 लिहायचा मोह मला आवरला नाही. त्याच ग्रुपमध्ये स्ट्रायकर अर्लिंग हालंडचं नॉर्वेही आहे, 1998 नंतर पहिल्यांदाच.

इंग्लंड? पात्रता फेरीत आठपैकी आठ जिंकले, गोल एकही खाल्ला नाही, आणि तरीही वर्ल्ड कप शूटआउट चारात एक. पुढे बोलत नाही. ब्राझीलवर माझं लहानपणापासून प्रेम आहे म्हणूनच सांगतो, 2002 नंतर पाचही वेळा त्यांना नॉकआउटमध्ये युरोपियन टीमनेच घरी पाठवलंय, फ्रान्स, नेदरलँड्स, जर्मनी, बेल्जियम, क्रोएशिया. युरोपियन टीम समोर येत नाही तोवर मजा करा.

मग लिहायचं काय? तुमच्यात पॉइंट कसे देतात ते आधी बघा. सेमी, फायनल गाठल्याचेही पॉइंट असतील तर स्पेन लिहा, एवढा भरवसा दुसऱ्या कोणाचा नाही. फक्त विजेत्यालाच घसघशीत पॉइंट असतील तर स्पेन लिहू नका, कारण निम्मे लोक तेच लिहिणार, बरोबर आलं तरी तुम्ही त्या घोळक्यातच राहणार. तिथे अर्जेंटिना. आणि तुम्ही आधीच खूप मागे पडलेले असाल, गमवायला काही नसेल, तर फ्रान्स.

माझं भरून झालंय. फायनल अर्जेंटिना-स्पेन 1-1, पेनल्टीवर अर्जेंटिना 4-2. ब्राझील-मोरोक्को 1-1, इंग्लंड-क्रोएशिया 2-0, अर्जेंटिना-अल्जेरिया 2-0. स्पेन-सौदी 4-0 लिहिलंय, फक्त तेवढं पेन्सिलने.