फ्रीकॅड १.०: रोलर कन्व्हेयरसाठी काही महिने वापरल्यावर

ग्रॅव्हिटी रोलर कन्व्हेयर, म्हणजे मोटारीशिवाय उतारावरून खोकी सरकवणारी रोलरची ओळ, हे आमचं रोजचं काम. दरवर्षी पैसे भरावे लागणारं सॉफ्टवेअर छोट्या वर्कशॉपला परवडेना, म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेलं फ्रीकॅड १.० हे थ्रीडी डिझाइनचं मोफत सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. बाकीच्या गोष्टी तुम्हाला ठाऊक असतीलच. मला बोलायचंय ते फक्त सारख्या अंतरावर बसणाऱ्या रोलरबद्दल.

पहिले काही आठवडे मी वैतागलो होतो. असेंब्ली वर्कबेंचमध्ये (सुटे भाग जोडायच्या विभागात) एक रोलर बसवला की बाकीचे ओळीने लावून देणारं बटणच नाही. चाळीस रोलरना एकेक जॉइंट (जोडणी) कोण देत बसणार? मग ड्राफ्ट या वर्कबेंचमधला, एका वस्तूच्या प्रती सरळ ओळीत लावणारा ऑर्थो अ‍ॅरे हाती लागला. त्यात ‘लिंक अ‍ॅरे’वर टिक करा आणि ‘फ्यूज’ (सगळ्या प्रती एकजीव करणं) बंद ठेवा. सगळे रोलर एकाच मूळ रोलरकडे बोट दाखवतात, त्यामुळे फाइल हलकी राहते. मूळ रोलरचा शाफ्ट बदलला की सगळ्यांचा बदलतो. असेंब्लीतल्या बटणाची उणीव आता मला फारशी जाणवत नाही.

खटकतं ते वेगळंच. ऑर्थो अ‍ॅरे दोन रोलरमधलं अंतर मागतो, एकूण लांबी मागत नाही. गोलात प्रती लावणाऱ्या पोलर अ‍ॅरेला मात्र एकूण कोन आणि नग सांगितले की तो स्वतः वाटणी करतो! ऑटोडेस्कच्या फ्यूजन या सॉफ्टवेअरमध्ये सरळ ओळीलाही ‘एक्स्टेंट’ (एकूण लांबी) आणि ‘स्पेसिंग’ (दोन प्रतींमधलं अंतर) असे दोन्ही पर्याय आहेत. इथे का नसावेत? गिऱ्हाईक फ्रेमची लांबी सांगतं, पिच, म्हणजे दोन रोलरच्या मध्यांमधलं अंतर, कधीच सांगत नाही.

आमचा हिशोब असा. खोक्याखाली कायम किमान तीन रोलर हवेत, म्हणजे २४० मिमीच्या खोक्याला पिच ८० च्या आत. आम्ही ७५ धरतो. ३००० मिमीच्या फ्रेमला दोन्ही टोकांना ३७.५ सोडले की ३९ गाळे (दोन रोलरमधल्या जागा), ४० रोलर. छान बसतं. पण गिऱ्हाइकाने ३२०० सांगितले की टोकं सोडून उरलेल्या ३१२५ ला ७५ ने पूर्ण भाग जात नाही. म्हणून स्प्रेडशीटमध्ये लांबी, टोकाची जागा आणि कमाल पिच यांना नावं दिली. गाळ्यांची संख्या ‘सील’ या फंक्शनने वरच्या पूर्ण आकड्यावर नेली, तीत एक मिळवून नग काढले, आणि अ‍ॅरेचे नग व अंतर या खणांना जोडले. आता लांबीचा एक आकडा बदलला की ४२ गाळे, ४३ रोलर, पिच ७४.४०५ असं आपोआप येतं. रोलरच्या ऑर्डरचा आकडाही तिथूनच उचलतो. हे एकदा जमल्यापासून मी या सॉफ्टवेअरवर मनापासून खूश आहे. लायसन्सचे वाचलेले पैसे ड्रिलिंगच्या जिगमध्ये (भोकं नेमक्या जागी पाडायच्या साच्यात) घातले.

एक मात्र सांभाळा. ७४.४०५ हा आकडा तसाच ड्रॉइंगवर टाकू नका. शॉपमध्ये कोणी ७४.५ धरून एकापुढे एक खुणा केल्या, तर ४२ गाळ्यांत शेवटचं भोक ४ मिमी पुढे जातं आणि टोकाचा रोलर क्रॉस मेंबरजवळ (फ्रेमच्या आडव्या पट्टीजवळ) अडचणीत येतो. टेकड्रॉ या ड्रॉइंगच्या वर्कबेंचमध्ये कोऑर्डिनेट डायमेन्शन आहे, ते वापरा: प्रत्येक भोकाचं माप एकाच टोकापासून. पट्टी एकदाच लावायची, आणि सगळ्या खुणा तिच्यावरूनच करायच्या.