प्रिव्ह्यू बघावा की ओपनिंगनंतरचा प्रयोग?

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर ओपनिंगआधी (म्हणजे अधिकृत शुभारंभाआधी) साधारण काही आठवडे प्रिव्ह्यू, म्हणजे चाचणीचे प्रयोग, चालतात. दुपारी तालमीत बदल, रात्री तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर परीक्षा. संगीतमय रोमँटिक कॉमेडीत तर हशा हेच मोजमाप! नायकाच्या कोटीवर सभागृह गप्प बसलं, की दोन दिवसांत ती कोटी गायब होऊ शकते. मध्यंतरात ‘गाणी झकास, पण जोडी जमत नाही’ अशी कुजबुज ऐकलीत तर ती खरी माना, पण त्या रात्रीपुरतीच.

ओपनिंगच्या थोडं आधी बदल थांबवतात, मग समीक्षक येतात. त्यानंतरचा प्रयोग घोटीव; हशाच्या जागाही ठरलेल्या. एकदाच जायचं असेल तर नंतर जा. मी मात्र प्रिव्ह्यूलाच जाईन: चुंबनाआधी वाद्यवृंद अर्धी मात्रा लवकर शिरतो, आणि सगळे खरंच हसतात.