तिकीट ६६ पौंडांचं, निकाल मात्र सोफ्यावर आधी

गोल होतो. साठ हजार माणसं एकदम उठतात, शेजारचा अनोळखी माणूस गळ्यात पडतो, आणि तेवढ्यात रेफरी कानाला बोट लावून उभा राहतो. पडद्यावर ओळ येते: गोलची तपासणी सुरू, ऑफसाइडची शक्यता. म्हणजे पास सुटताना गोल करणारा शेवटच्या बचावपटूच्या पुढे होता की काय. गळ्यातले हात सैल होतात. पुढची दीड-दोन मिनिटं मैदानातल्या प्रेक्षकाला त्या ओळीपलीकडे काही दिसत नाही. घरी सोफ्यावर बसलेल्याला मात्र तोच पाय, तीच काख, तोच बचावपटू चार कोनांतून, थांबवून थांबवून दाखवला जातो.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगचं तिकीट काढावं का, याचं अर्धं उत्तर या दीड मिनिटात आहे. चाहत्यांचे वाद दोन वेगळ्या खात्यांत चालतात, एकीकडे तिकिटाचे दर आणि दुसरीकडे व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून रेफरीचे निर्णय तपासणारी पंचांची व्यवस्था. आमच्या मते खातं एकच. जास्त पैसे मोजणाऱ्याला कमी माहिती देणारी ही सेवा आहे, आणि तिला गुण त्याच हिशेबानं द्यायला हवेत.

आधी खरेदी. मोठ्या क्लबांत थेट तिकीट मिळतच नाही. वर्षाची मेंबरशिप घ्यायची, म्हणजे साधारण ३० ते ५० पौंड, आणि त्या पैशात मिळतो तो फक्त रांगेत उभं राहण्याचा हक्क. आर्सेनल, लिव्हरपूल अशा ठिकाणी पुढे सोडत असते. नाव द्या आणि वाट पाहा. सोडतीत नंबर लागला नाही तर क्लबच्या अधिकृत पुनर्विक्रीवर नजर ठेवायची. सीझन तिकीटवाले येणार नसतील तर आपली जागा तिथे सोडतात. सामन्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांत तिथे सर्वांत जास्त हालचाल असते. एकट्याला एक जागा हवी असेल तर काम होतं, चौघांना शेजारी-शेजारी हव्या असतील तर विसरा. बाहेरच्या कुणाकडून घ्यायचा मोह टाळा. इंग्लंड-वेल्समध्ये फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय पुन्हा विकणं १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि अशा तिकिटावर गेट उघडलं नाही तर दाद मागायला जागा नाही.

तिकीट आता बहुतेक ठिकाणी फोनमध्येच असतं. ते आदल्या रात्रीच फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून ठेवा. मैदानाभोवती हजारो फोन एकाच वेळी नेटवर्कला लोंबकळतात, त्यामुळे गेटपाशी ॲप उघडायला गेलात की नुसतं गोल गोल फिरणारं चक्र बघत बसावं लागतं. बॅटरीही जपा. फोन मेला की तिकीट मेलं.

प्रवासाचं आरक्षण करताना सर्वाधिक लोक फसतात. वेळापत्रकात शनिवार दुपारी ३ छापलेलं असतं, पण टीव्हीवाल्यांनी सामना उचलला की तो रविवार संध्याकाळ किंवा सोमवार रात्री ८ ला जातो. सामन्याचं तिकीट नव्या तारखेला चालतं. ठरावीक गाडीचं स्वस्तातलं अ‍ॅडव्हान्स रेल्वे तिकीट मात्र परत होत नाही. टीव्हीची निवड जाहीर होईपर्यंत गाडी, हॉटेल काहीही पक्कं करू नका.

दराचं गणित क्लबागणिक वेगळं. लंडनच्या क्लबांत प्रतिस्पर्धी पाहून अ, ब, क अशी प्रतवारी असते, तीच खुर्ची त्याप्रमाणे स्वस्त-महाग होते. पाहुण्या संघाच्या चाहत्यांसाठी मात्र २०१६-१७ पासून कमाल ३० पौंडांची मर्यादा आहे, आणि संपूर्ण लीगमध्ये पैसा वसूल करून देणारं तिकीट हेच. ही मर्यादा फुकट मिळालेली नाही. तिला वर्षानुवर्षांची चळवळ कारण आहे, आणि २०१६ च्या फेब्रुवारीत लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर जे झालं तेही. क्लबनं ७७ पौंडांचं तिकीट जाहीर केलं, तर संडरलँडविरुद्ध ७७ व्या मिनिटाला हजारो चाहते उठून चालते झाले. लिव्हरपूल तेव्हा २-० पुढे होतं, सामना २-२ सुटला. काही दिवसांत मालकांनी माफी मागून दर मागे घेतला. उलट उदाहरण मँचेस्टर युनायटेडचं: २०२४-२५ चा हंगाम अर्ध्यावर असताना उरलेल्या तिकिटांना सरसकट ६६ पौंड दर लावला, लहान मुलं आणि ज्येष्ठांची सवलत काढून. बाप आणि दोन पोरं म्हणजे १९८ पौंड. ब्रिटनमधल्या प्रक्षेपणाचे चार वर्षांचे ६.७ अब्ज पौंड लीगच्या तिजोरीत येणार असताना ही वाढ कशाला, या चाहत्यांच्या प्रश्नाला पटेल असं उत्तर कुणी दिलेलं नाही.

आता त्या ६६ पौंडांत काय मिळतं ते बघू.

व्हीएआर प्रीमियर लीगमध्ये २०१९-२० ला आला. मूळ नियमावलीत त्याला चारच गोष्टींत नाक खुपसायची परवानगी होती: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दिलेलं कार्ड. तेही 'स्पष्ट आणि उघड चूक' असेल तरच. व्हीएआरचे पंच बसतात पश्चिम लंडनला, हीथ्रोजवळच्या स्टॉकली पार्कमध्ये. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हे, पण आकड्यांत बघाल तर शेळ्या बऱ्यापैकी नीट हाकल्या जातात. लीगच्या स्वतःच्या हिशेबानं मोठ्या निर्णयांची अचूकता ८२ टक्क्यांवरून ९६ वर गेली. वुल्व्ह्ज क्लबनं २०२४ च्या जूनमध्ये व्हीएआर बंद करायचा ठराव आणला तेव्हा क्लबांनी तो १९ विरुद्ध १ असा फेटाळला, तो याच आकड्यावर.

चाहत्यांचा राग अचूकतेवर कमी, खोट्या अचूकतेवर जास्त आहे, आणि तो रास्त आहे. ऑफसाइडची जुनी पद्धत घ्या. प्रक्षेपणाचा कॅमेरा सेकंदाला ५० चित्रं घेतो, म्हणजे दोन चित्रांत ०.०२ सेकंदाचं अंतर. पास नेमक्या कुठल्या चित्रात सुटला हे माणूस डोळ्यांनी ठरवणार. सेकंदाला ९ मीटरनं धावणारा स्ट्रायकर तेवढ्यात १८ सेंटिमीटर पुढे जातो. बचावपटू ५ मीटरच्या वेगानं उलट बाहेर येत असेल तर त्याचे १० मिळवा. झाले २८ सेंटिमीटर. एक चित्र पुढे-मागे धरलं की सव्वा वीत अंतराचा फरक, आणि निकाल द्यायचा बुटाच्या टोकावर! २०२१-२२ पासून रेषा जाड केल्या आणि त्या एकमेकींना टेकल्या तर फायदा आक्रमकाला द्यायचं ठरलं, पण ती सूट सुमारे ५ सेंटिमीटरची. रोगाच्या मानानं औषध थेंबभर.

१२ एप्रिल २०२५ पासून अर्धस्वयंचलित ऑफसाइड आलं. छपराखाली दोन डझनांहून जास्त आयफोन लावलेले असतात, ते खेळाडूंच्या शरीरावरचे बिंदू टिपतात आणि रेषा यंत्रच आखतं. वेळ वाचतो, हातानं रेषा ओढण्याचा घोळ जातो. पण २०२२ च्या विश्वचषकात चेंडूच्या पोटात सेकंदाला ५०० नोंदी करणारा सेन्सर होता, तसा इथे नाही. आणि गोलपुढे गर्दी झाली की यंत्रही गोंधळतं. लीगमध्ये येण्याआधी, त्याच वर्षी १ मार्चला एफए कप या वेगळ्या स्पर्धेत बोर्नमथ-वुल्व्ह्ज सामन्यात खेळाडूंच्या दाटीत ते अडलं, रेषा पुन्हा हातानं आखाव्या लागल्या, आणि एका गोलचा निकाल यायला जवळजवळ ८ मिनिटं गेली.

यंत्रानं दगा दिला तर काय, याचं उत्तर २०२० च्या जूनमध्येच मिळालं होतं. ॲस्टन व्हिला-शेफील्ड युनायटेड सामन्यात व्हिलाचा गोलरक्षक चेंडू घेऊन रेषेपलीकडे गेला, पण गोलरेषेवर नजर ठेवणारे सातही कॅमेरे अंगांनी झाकले गेले आणि रेफरीचं, गोल झाल्याची खूण देणारं घड्याळ वाजलं नाही. व्हीएआरनंही तोंड उघडलं नाही. व्हिलाला एक गुण मिळाला आणि हंगामाअखेर ती मंडळी खालच्या लीगमध्ये घसरण्यापासून एकाच गुणानं वाचली.

माणसानं दगा दिला तर काय, हे ३० सप्टेंबर २०२३ ला कळलं. टॉटनमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुइस दियासनं गोल केला, लाइनमननं ऑफसाइड दिलं. व्हीएआरनं रेषा आखल्या, दियास ऑनसाइड होता. पण मैदानावर गोल दिलेलाच आहे अशा समजुतीत त्यानं 'तपासणी पूर्ण' म्हणून टाकलं. रेफरीनं फ्री किक दिली, खेळ सुरू झाला आणि मग खोलीत चूक लक्षात आली. बैल गेला आणि झोपा केला. खेळ पुन्हा सुरू झाल्यावर मागे जायची नियमात सोय नाही. ही गोष्ट ऐकायला मिळाली कारण ध्वनिफीत नंतर जाहीर झाली. मैदानात बसलेल्याला त्या दिवशी यातलं अक्षरही कळलं नव्हतं.

एक सुधारणा मात्र मान्य करू. २०२५ च्या जानेवारीत लीग कपाच्या उपांत्य फेरीपासून रेफरी स्वतः माईकवर निकाल सांगू लागला, आणि २०२५-२६ पासून हे लीगमध्येही आलं. आवाज स्पष्ट असतो, खेळाडूचा नंबर आणि कारण दोन्ही सांगतात. त्रुटी अशी की निर्णय बदलला किंवा रेफरी मैदानाकडेच्या पडद्यापाशी जाऊन आला, तरच घोषणा होते. तीन मिनिटं तपासून मूळ निर्णय कायम राहिला तर काय तपासलं आणि का सोडलं, ते कुणी सांगत नाही. वादग्रस्त प्रसंगाचा रिप्लेही तपासणी चालू असताना मैदानातल्या पडद्यावर येत नाही.

आणखी एक गोष्ट तिकिटावर छापलेली नसते. अटीतटीच्या ऑफसाइडला लाइनमन झेंडा लगेच वर करत नाही, चाल संपू देतो. त्यामुळे व्यर्थ पळापळ पाहावी लागते, आणि क्वचित ती महागात पडते. मे २०२५ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टचा तैवो अवोनियी अशाच उशिरा आलेल्या झेंड्याच्या चालीत खांबावर आदळला, पोटाची शस्त्रक्रिया करावी लागली.

जागा निवडताना थोडं डोकं लावलं तर या सगळ्याचा त्रास कमी होतो. मध्यरेषेजवळच्या जागा सर्वांत महाग, पण ऑफसाइड आणि पेनल्टी समजायला पेनल्टी बॉक्सच्या रेषेसमोरच्या, विसाव्या रांगेच्या वरच्या जागा बऱ्या आणि पुष्कळदा स्वस्त. पहिल्या पाच-सहा रांगांत खेळाडूंचे चेहरे दिसतात, खेळाचा आकार दिसत नाही. जुन्या स्टँडमध्ये खांबांची चौकशी करा. फुलहॅमचा १९०५ चा, लाकडी खुर्च्यांचा स्टँड देखणा आहे, पण चुकीच्या खुर्चीत बसलात तर एक गोलपोस्ट नव्वद मिनिटं खांबामागे. जागेपुढे 'दृश्य मर्यादित' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ शब्दशः घ्या.

गुण: वातावरण १० पैकी ९, तिकीट मिळण्याची सोय ४, घरच्या मैदानावरचा दर ५, पाहुण्यांचा ३० पौंडांचा दर ९, व्हीएआरची अचूकता ७, मैदानात मिळणारी माहिती ३. गोलचा आनंद अर्धवट गिळायचा नसेल तर चॅम्पियनशिप, म्हणजे प्रीमियर लीगच्या खालची लीग, बघा. तिकीट स्वस्त असतं, आणि साखळी सामन्यांत व्हीएआर नाही. झेंडा खाली असेल तर ओरडायला मोकळे.

प्रीमियर लीगलाच जायचं असेल तर खिशात मध्यम लहरींचा छोटा ट्रान्झिस्टर आणि इअरफोन ठेवा. फोनवरचं थेट प्रक्षेपण अर्धा मिनिट मागे असतं, डिजिटल रेडिओही काही सेकंद मागे. बीबीसी ५ लाइव्ह ६९३ किंवा ९०९ किलोहर्ट्झवर ऐकलं तर, तो सामना त्यांच्या यादीत असल्यास, समालोचकासमोरच्या टीव्हीवर दिसणारी काख त्याच क्षणी तुमच्या कानात येते. छपराला दोन डझन आयफोन टांगलेले, आणि आसपासचे दहा-बारा जण विचारतायत की तुमचा रेडिओ काय म्हणतोय.