टेलनेट की एसएसएच, व्हीटूसी की व्हीथ्री: वायरलेस स्विच लावताना काय निवडाल?

चाळीसेक ॲक्सेस पॉइंट (वायफायचा सिग्नल देणारी खोकी), ते सांभाळणारा एक वायरलेस स्विच (हल्ली त्यालाच कंट्रोलर म्हणतात) आणि या सगळ्याकडे बघणारा माणूस एकच, तोही दिवसातले दोन तास. वसतिगृह, मध्यम आकाराचं रुग्णालय, एखादं हॉटेल असं ठिकाण तुमच्याकडे असेल, तर हा आढावा तुमच्यासाठी. वायफाय चालू झालं की बसवणारा निघून जातो आणि ‘मॅनेजमेंट’चं, म्हणजे स्विचच्या व्यवस्थापनाचं, पान कंपनीतून आलं तसंच राहतं. त्या पानावर ठरवायचं असतं ते एवढंच: आत शिरायला दार कोणतं, आणि काही बिघडलं तर कळणार कसं.

दुरून स्विचमध्ये शिरून कमांड द्यायच्या दोन पद्धती म्हणजे टेलनेट आणि एसएसएच, आणि त्यांत खरं तर तुलनाच नाही. टेलनेट २३ नंबरच्या पोर्टवरून पासवर्ड उघडाच पाठवतो, एसएसएच तो झाकून. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात पासवर्डचोरीचा प्रकार घडल्यावर तातू इलोनेन यांनी १९९५ साली एसएसएच लिहिलं, म्हणजे या प्रश्नाचं उत्तर येऊनही जमाना झाला. तरी टेलनेट चालू असलेले स्विच अजून दिसतात. कारण विचारलं की, ‘आधीपासून होतं’. ब्राउझरमधून शिरायच्या एचटीटीपी (उघडं) आणि एचटीटीपीएस (झाकलेलं) यांचंही तेच. प्रमाणपत्र स्विचनेच बनवलेलं असल्यामुळे ब्राउझर इशारा देईल, पण तेवढ्यासाठी उघड्या पानावर परत जाऊ नका.

डोकं लावायची जागा पुढे आहे. वायफायवरूनच स्विचमध्ये शिरू द्यायचं का? सोय मोठी आहे: तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्यात उभं राहून लॅपटॉपवर चॅनल बदलायचा आणि तिथेच सिग्नल बघायचा. पण मग तुमच्याच पाहुण्यांचे फोनही त्या लॉगिन पानापर्यंत पोहोचू शकतात. शिवाय बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवायची भीती असते. मी एकदा वायफायवर बसून त्याच वायफायचा व्हीलॅन (नेटवर्कमधला वेगळा कप्पा) बदलला आणि एका क्षणात बाहेर फेकला गेलो. मग गाडी काढली, तिथे जाऊन कन्सोल केबल (थेट स्विचला जोडायची तार) लावली, ९६०० बॉडच्या वेगावर आत शिरलो आणि एक ओळ दुरुस्त केली. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: वायरलेसवरून मॅनेजमेंट बंद, व्यवस्थापनाला वेगळा व्हीलॅन, आणि त्यात फक्त एक-दोन ठरलेल्या आयपी पत्त्यांना प्रवेश. स्विचला मॅनेजमेंटचं स्वतंत्र पोर्ट असेल तर उत्तमच, पण बाकी नेटवर्क ज्याच्यावर चालतं त्याच मुख्य स्विचमध्ये त्याची केबल खोचली तर तो बंद पडल्यावर दोन्ही वाटा एकदम बंद होतात. कन्सोल केबल मात्र रॅकमध्येच टांगून ठेवा. घरी राहिलेली केबल काही कामाची नाही.

लॉगिन स्विचवरच ठेवायचं की रेडियस किंवा टॅकॅक्सकडे (लॉगिन तपासणाऱ्या वेगळ्या सर्व्हरकडे) सोपवायचं? एकट्या माणसाला स्विचवरचं खातं पुरतं. तिघे-चौघे हात लावत असतील तर कुणी कोणती कमांड दिली हे टॅकॅक्स सांगतो, पण तो सर्व्हर बंद असताना चालेल असं एक स्थानिक खातं राखून ठेवा.

आता नजर ठेवण्याकडे. स्विचची आकडेवारी दुरून विचारायची पद्धत म्हणजे एसएनएमपी, आणि तिच्या आवृत्त्या व्हीवन, व्हीटूसी आणि व्हीथ्री. व्हीवन सोडूनच द्या. त्यात ६४ बिटी काउंटर (किती डेटा गेला ते मोजणारे आकडे) नाहीत. ३२ बिटी काउंटर १ गिगाबिटच्या भरलेल्या लिंकवर साधारण ३४ सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो, आणि तुम्ही दर पाच मिनिटांनी विचारत असाल तर तो आलेख शुद्ध थाप आहे. व्हीटूसीने हे सुधारलं, पण त्याचा पासवर्ड, म्हणजे कम्युनिटी स्ट्रिंग, टेलनेटसारखाच उघडा जातो आणि पुष्कळदा ‘पब्लिक’ असाच ठेवलेला असतो. व्हीथ्रीमध्ये ओळखही पटते आणि मजकूरही झाकला जातो, मात्र ‘ऑथप्रिव्ह’ पातळी निवडली तरच. सर्वांत खालच्या पातळीवर नाव तेवढं व्हीथ्रीचं. त्याची कटकटही आहे: स्विच बदलला की इंजिन आयडी (व्हीथ्रीतली स्विचची ओळख) बदलतो, आणि व्हीथ्रीची खाती पुन्हा करावी लागतात. तुमचं मॉनिटरिंग सॉफ्टवेअर जुनं असेल तर व्हीटूसी चालवा, पण फक्त वाचण्यापुरतं, वेगळी स्ट्रिंग देऊन आणि एकाच सर्व्हरला. लिहिण्याची परवानगी व्हीटूसीवर कधीच नको.

पोलिंग (सर्व्हरने ठरावीक वेळाने विचारणं), ट्रॅप (स्विचने स्वतःहून कळवणं) आणि सिसलॉग (घटनांची नोंद) यांत एकच निवडायचं झालं तर मी पोलिंग निवडेन. ट्रॅप लगेच येतो हे खरं, पण मेलेला स्विच आपण मेल्याचं कळवत नाही. त्यात ट्रॅप यूडीपीवर जातो, पोच मिळत नाही. एका मजल्याची वीज गेली की दहा-बारा ॲक्सेस पॉइंटांचे ट्रॅप एकदम कोसळतात, आणि आठवडाभरात माणूस ते वाचणं सोडून देतो. म्हणून ट्रॅप मोजकेच ठेवा: ॲक्सेस पॉइंट गेला, पंखा किंवा पॉवर सप्लाय बिघडला, लॉगिन फसलं.

सिसलॉग हा घटना घडून गेल्यावरचा साक्षीदार. त्याच्या ० ते ७ अशा आठ पातळ्या आहेत. ० सर्वांत गंभीर, ७ म्हणजे डीबग (बारीकसारीक तपशील), तो रोजच्यासाठी नाही. मी ५ वर ठेवतो. लॉग स्विचच्या मेमरीत ठेवणं फुकट आहे, पण तिथे जागा थोडी आणि रीस्टार्टला बहुधा सगळं पुसलं जातं. सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार कंपन्या, सेवादाते आणि सरकारी संस्थांना लॉग १८० दिवस राखायचे आहेत, त्यामुळे वेगळा सर्व्हर लागतोच. त्याच आदेशात घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपीशी (वेळ पुरवणाऱ्या सर्व्हरशी) जुळवायला सांगितलं आहे. हे कागदी कलम नव्हे. जुन्या पद्धतीच्या सिसलॉग संदेशात ना साल असतं ना टाइम झोन. स्विच यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आणि सर्व्हर भारतीय वेळेवर असेल, तर रात्री साडेआठची तक्रार लॉगमध्ये दुपारी तीनला शोधावी लागते.

हे सगळं बदलताना क्रम सांभाळा. आधी एसएसएचने दुसऱ्या खिडकीत लॉगिन होतंय का बघा, मगच टेलनेट बंद करा. आणि स्विचवरची मांडणी (कॉन्फिगरेशन) सेव्ह करा. नाहीतर पुढच्या वेळी वीज गेली की टेलनेट परत हजर.