मुंबईचं ताज: मुक्काम करायचा तर पॅलेस विंगमध्येच

ताजमहाल पॅलेसची खोली बुक करताना फसगत होते ती नावामुळे. एकाच आवारात दोन इमारती आहेत, जुनी पॅलेस विंग आणि १९७३ चा टॉवर. टॉवरचा दर बहुधा कमी दिसतो, समुद्र तिथूनही झकास दिसतो आणि खोल्यांना नावं ठेवायला जागा नाही. पण एवढे पैसे मोजायचे ते १६ डिसेंबर १९०३ ला उघडलेल्या वास्तूत राहण्यासाठी! तेव्हा खोलीच्या वर्णनात ‘पॅलेस विंग’ असं स्पष्ट लिहिलंय का, ते पैसे भरण्याआधी बघाच. नसेल तर फोन करून विचारा.

आपल्या सोलापूरच्या इंद्रभवनाच्या जुन्या वास्तूपाशी ज्याची मान आपसूक वर जाते, त्याने इथे घुमटाखालच्या जिन्यापाशी निवांत वेळ काढावा. पायऱ्यांची एक बाजू भिंतीत रोवलेली, दुसरी अधांतरी; मधल्या पोकळीत आधाराला एकही खांब नाही. आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य १९०० मध्ये गेले, मग डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम तडीस नेलं. ‘नकाशा उलटा वाचला म्हणून हॉटेलची पाठ समुद्राकडे झाली’ ही दंतकथा मात्र सोडून द्या. मूळ दार शहराच्या बाजूलाच ठेवलं होतं, घोडागाड्या तिकडूनच येत. आज तिथे पोहण्याचा तलाव आहे. गेटवे तर त्यानंतरचा, १९२४ चा.

पहिल्या महायुद्धात इथे ६०० खाटांचं रुग्णालय होतं. २६/११ च्या आगीची झळ जुन्या इमारतीलाच जास्त बसली. ती १५ ऑगस्ट २०१० ला पुन्हा उघडली. हल्ल्यात गेलेल्या ३१ जणांची नावं हॉटेलात कोरलेली आहेत, तिथे दोन मिनिटं थांबा.

गाडीचं गणित आधी जुळवा. सोलापूरहून रात्री निघणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस भल्या सकाळी मुंबईत सोडते आणि खोली मिळते दुपारी २ ला. सामान ठेवून घेतात, पण आंघोळीचे वांधे होतात. वंदे भारत साडेबाराच्या सुमारास सीएसएमटीला पोचते, तीच बरी. तिथून अपोलो बंदर टॅक्सीने जवळ. मुक्कामी पाहुण्यांसाठी हेरिटेज वॉक असतो. चेक-इन करतानाच वेळ विचारून नाव द्या.

राहायचं नसेल तर पहिल्या मजल्यावरच्या सी लाउंजमध्ये दुपारचा चहा घ्या. टेबल आधी सांगून ठेवा आणि खिडकीलगतचंच मागा, आतल्या बाजूला बसलात तर बंदर दिसत नाही.