जुनी टू-पोस्ट लिफ्ट दुरुस्त करून वापरतोय: घ्यावी की नाही, याबद्दल माझं मत

गॅरेजमध्ये गाडी उचलून धरणारी, दोन खांबांची, बंद पडलेली जुनी लिफ्ट घेतली, पार खोलली, झिजलेलं सगळं बदललं आणि आता बरेच महिने रोज तिच्यावर गाड्या चढवतोय. घ्यावी की नाही, असं बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो. माझं मत आधीच सांगतो: सांगाडा ठणठणीत असेल आणि कंपनीची पाटी जागेवर असेल, तर घ्या. तेल गळतंय, मोटर फिरत नाही, केबल तुटायला आलीय, एवढ्यावरून नाकारू नका. आणि मोटर चालू आहे, रंग चकाचक आहे, एवढ्यावरून घेऊही नका. बहुतेकांचं लक्ष नेमकं उलट्या जागी असतं.

माझी लिफ्ट ४ टनांची. दोन खांब, प्रत्येक खांबात एक हायड्रॉलिक सिलिंडर आणि साखळी, शिवाय दोन्ही कॅरेज (खांबात सरकणारे भाग, ज्यांना गाडीखाली जाणारे हात, म्हणजे आर्म, जोडलेले असतात) एका पातळीत वर-खाली व्हावेत म्हणून वायर रोप, म्हणजे तारेची केबल. पाहिली तेव्हा खाली तेलाचं डबकं होतं, पॉवर युनिट (मोटर, पंप आणि तेलाची टाकी) मुकं होतं आणि आर्मची रबरी पॅड दगडासारखी झाली होती. विकणाऱ्याला ती भंगारातच गेल्यासारखी वाटत होती. मला हे सगळं बदलता येण्यासारखं दिसलं, म्हणून मी खांबांकडे वळलो.

खांबांना वेळ द्या. किती द्यावा म्हणाल, तर बाकी सगळ्या लिफ्टला मिळून द्याल त्याहून जास्त. लिफ्टखाली गाड्या धुतल्या जातात, ते पाणी खांबाच्या आत बेस प्लेटपाशी साचतं, वर्षानुवर्षं तिथे चिखल आणि ग्रीसचा थर बसतो आणि त्याखाली पत्रा आतून खात जातो. बाहेरून काही दिसत नाही. मी थर खरवडून काढला, तारेचा ब्रश मारला आणि छोट्या हातोडीने खालपासून वरपर्यंत ठोकत गेलो. निरोगी पत्रा खणखणीत वाजतो. कुजलेल्या जागी आवाज बसका येतो आणि पोपडे सुटतात. नंतर खांबाच्या उघड्या कडेला व्हर्नियर लावून तळाशी आणि छातीच्या उंचीवर जाडी मोजली. फरक जाणवण्याइतका असता तर मी तिथूनच परत फिरलो असतो.

मग वेल्डिंग. बेस प्लेट आणि खांब जिथे जोडलेत तिथले त्रिकोणी आधार, कॅरेजचे कोपरे आणि आर्म ज्या पिनभोवती फिरतो ती जागा, या तीन ठिकाणी तडे जायची शक्यता सर्वांत जास्त. संशय आला तर डाय पेनिट्रंट वापरा. लाल द्रव मारायचा, थोडा वेळ थांबायचं, पुसायचं, वरून पांढरा डेव्हलपर मारायचा. तडा असेल तर पांढऱ्यावर बारीक लाल रेघ उमटते. अशी रेघ दिसली की सौदा तिथेच संपवावा. ‘वेल्डिंग मारून घेऊ’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय खांबाला किंवा आर्मला वेल्डिंग करू नये. उष्णतेने जोडाजवळचं पोलाद बदलतं आणि पाटीवरच्या क्षमतेच्या आकड्याला मग काही अर्थ उरत नाही. खाली माणूस उभा राहणार आहे, हे विसरून चालत नाही. याच कारणाने, जुन्या लिफ्टवर ताजा रंग दिसला की मी जास्त सावध होतो. गंजकी लिफ्ट निदान काही लपवत नाही.

आर्म पूर्ण बाहेर ओढा आणि टोकाला धरून वर-खाली हलवा. थोडी हालचाल असतेच. पण टोक सहज खाली झुकत असेल तर पिन काढून भोक पाहा. माझ्या एका आर्मची पिन झिजली होती, भोक मात्र गोल होतं, म्हणजे पिन बदलून काम भागलं. भोक लांबट झालं असेल तर तो आर्म गेला समजा. हेही लक्षात ठेवा की ४ टनांची लिफ्ट म्हणजे साधारणपणे प्रत्येक आर्मला १ टन. इंजिनच्या बाजूला वजन जास्त असलेली गाडी एकूण वजनात बसते, तरी पुढच्या दोन आर्मांवर भार क्षमतेच्या वर जाऊ शकतो.

पाटीबद्दल मी हट्टी आहे. मॉडेल, अनुक्रमांक, क्षमता. पाटी नसेल तर मॅन्युअल मिळत नाही, आणि मॅन्युअल नसेल तर अँकर (खांब फरशीला धरणारे बोल्ट) किती आवळायचे, काँक्रीट किती जाड हवं, केबल कुठली, कशालाच आधार राहत नाही. तेलाची सील मापावरून मिळतात. पण कॅरेजचे नायलॉन ब्लॉक, खटक्याचे (वर गेलेला कॅरेज खांबात अडकवून धरणाऱ्या सुरक्षा-कुलपाचे) सुटे भाग, आर्म जागेवर धरणारे दातेरी गिअर हे त्या त्या मॉडेलचेच लागतात. पैसे देण्याआधी मी लागणाऱ्या भागांची यादी केली आणि प्रत्येक भाग मिळतो का ते विचारून घेतलं. यादीत खटक्याचा एकही भाग ‘मिळणार नाही’ असा निघाला, तर लिफ्ट फुकटातही घेऊ नये. शेवटी गाडी तेलावर नाही, त्या खटक्यावर टेकलेली असते.

केबल आणि साखळीत काटकसर करू नका. केबल तपासताना उघडा हात फिरवू नका. सुती फडका धरून फिरवा. तुटलेली तार असेल तिथे धागा अडकतो. माझ्या केबलवर फडका वरच्या पुलीपाशी दोनदा अडकला. तेवढा भाग कायम पुलीवर वळत राहतो, त्यामुळे तारा तिथेच तुटतात. मी केबल दोन्ही बदलल्या, एकच नाही, कारण नवी आणि जुनी केबल वेगवेगळी ताणतात. पुलीच्या खोबणीत जुन्या केबलचा ठसा उमटलेला असेल किंवा बुश ढिला असेल तर पुलीही त्याच वेळी बदला, नाहीतर नवी केबल लवकर जाते. साखळी ताणून ठराविक कड्यांची लांबी मोजायची आणि नव्या साखळीच्या मापाशी ताडून पाहायची. लांबी २ ते ३ टक्क्यांनी वाढली असेल तर साखळी बाद.

काही लिफ्टमध्ये केबल फक्त दोन बाजू समान ठेवते, काहींमध्ये ती गाडीचा भारही उचलते. आपली कुठली, हे आधी समजून घ्या. दुसऱ्या प्रकारात केबलची स्थिती जिवाशी निगडित आहे.

हायड्रॉलिक्स सगळ्यात भीतीदायक दिसतं, आणि माझ्या अनुभवात तेच सगळ्यात सोपं निघालं. सिलिंडर उतरवले, रॉडवर नख फिरवलं. नख अडकेल असा खड्डा असता तर नवी सील टिकली नसती. रॉड गुळगुळीत होते, त्यामुळे सीलचा सेट घालून विषय मिटला. पॉवर युनिटमध्ये मोटर जळालेली नव्हती, कपॅसिटर गेला होता. टाकीतलं तेल दुधाळ होतं, म्हणजे पाणी मिसळलेलं. टाकी धुतली, सक्शनची जाळी साफ केली, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं ताजं हायड्रॉलिक तेल भरलं. बऱ्याच लिफ्टना ३२ किंवा ४६ ग्रेड (तेलाच्या दाटपणाचा आकडा) चालतो. ब्रेक ऑईल किंवा हाताशी असेल ते तेल ओतू नका, सील फुगतात. आणि फिटिंगवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. टेपचे तुकडे तेलातून वाहत जाऊन खाली सोडायच्या व्हॉल्व्हमध्ये अडकतात आणि मग लिफ्ट वर थांबत नाही.

यातलं एक निदान उपयोगी पडेल. उचललेली लिफ्ट हळूहळू खाली बसत असेल आणि बाहेर कुठेच तेल दिसत नसेल, तर आधी पॉवर युनिट पाहा. टू-पोस्टचे सिलिंडर बहुधा एकाच बाजूने दाब घेणारे असतात. त्यांचं सील गळलं तर तेल कुठून तरी बाहेर येतंच. बाहेर सगळं कोरडं असेल तर चेक व्हॉल्व्हमध्ये (तेल मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह) किंवा खाली सोडायच्या व्हॉल्व्हमध्ये कचरा असण्याची शक्यता जास्त. तेवढ्यासाठी सिलिंडर उतरवायची गरज नसते. दाब जास्त झाला की तेल सोडून देणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हला मात्र हात लावू नका. लिफ्ट जड गाडी उचलत नाही म्हणून तो आवळणं म्हणजे क्षमतेची मर्यादा स्वतःच्या हाताने काढून टाकणं.

बसवणीकडे लोक फार हलक्यात पाहतात. अशा लिफ्टचं वजन ६०० ते ७०० किलोच्या आसपास असतं, म्हणजे उतरवणं, वाहून नेणं, उभी करणं हा वेगळा खर्च. फरशीचं काँक्रीट किती जाड आहे ते छोटं भोक पाडून मोजा. या क्षमतेच्या बऱ्याच लिफ्टना किमान १०० मिमी जाडीचं चांगलं काँक्रीट मागितलेलं असतं, काहींना जास्त. नवं काँक्रीट ओतलं असेल तर २८ दिवस थांबा. अँकर नवेच घ्या, जुने काढलेले परत वापरायचे नाहीत. भोकातली धूळ ब्रशने आणि हवेने पूर्ण काढा, कारण धूळ राहिली की अँकरची पकड कमी होते. आवळताना टॉर्क रेंच वापरा. आवळत असताना एखादा अँकर नुसताच वर येत राहिला तर ते काँक्रीट धरत नाहीये. त्यावर वॉशर चढवून वेळ मारून नेऊ नका. खांब ओळंब्यात आहेत का ते दोन्ही दिशांनी पाहा. वरून केबल जाणाऱ्या प्रकाराला उंचीही लागते, बऱ्याचदा ३.५ मीटरच्या पुढे. जागा मोजल्याशिवाय सौदा करू नका.

आता वापराबद्दल. सुरुवातीला रिकामी वर-खाली केली, हवा काढली, मग हलकी गाडी, मग जड. पहिल्या काही आठवड्यांत दोन गोष्टी बदलल्या. नव्या केबल ताणल्या आणि अँकर थोडे सैल झाले. दोन्ही अपेक्षित होतं. केबलचा ताण कमी झाल्याचं डोळ्यांआधी कानांना कळलं. लिफ्ट वर जाताना दोन्ही खांबांतले खटके एकदम वाजायला हवेत, ‘खट्’ असा एकच आवाज. तिथे ‘खट्-खट्’ असे दोन यायला लागले. केबलच्या टोकाचे नट अर्धा-पाऊण फेरा फिरवले, आवाज पुन्हा एक झाला. अजूनही गाडी चढवताना माझा कान तिकडेच असतो.

त्यानंतर तिने त्रास दिलेला नाही. गिअरबॉक्स उतरवणं, सस्पेन्शनची कामं, सायलेन्सर बदलणं, सगळं उभ्याने होतं. जमिनीवर पाठ टेकून काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. उचलायचा वेग समाधानकारक आहे. उतरताना रिकामी लिफ्ट शेवटी रेंगाळते, कारण तेलाला परत ढकलायला वरून वजन नसतं. तो दोष नाही. नायलॉन ब्लॉकना आणि खांबाच्या आतल्या पट्ट्यांना नियमित ग्रीस लागतं, नाहीतर कॅरेज कुरकुरतो.

न आवडलेलंही सांगतो. जुने आर्म जाड आहेत. खाली बसलेल्या गाड्यांच्या पोटाखाली ते जात नाहीत, आधी फळीवर गाडी चढवावी लागते. बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या जास्त जड असतात आणि त्यांचे उचलायचे ठरलेले बिंदू बॅटरीच्या कडेला असतात; सगळ्यांपर्यंत या आर्मची पोच नाही. ज्यांच्याकडे अशाच गाड्या जास्त येतात, त्यांनी जुन्या लिफ्टच्या वाटेला जाऊ नये. शिवाय सुट्या भागांची वाट पाहण्यात गेलेला वेळ. रोजचं काम या लिफ्टवरच अवलंबून असेल आणि दुसरी सोय नसेल, तर तो वेळ परवडत नाही.

खर्चाचा माझा हिशोब असा: खरेदी, वाहतूक, सुटे भाग, फरशी, बसवणी आणि जाणकाराकडून तपासणी, सगळं मिळून नव्या लिफ्टच्या निम्म्याच्या वर जात असेल तर नवीच घ्यावी. तपासणी मी यात मुद्दाम धरली आहे. अमेरिकेतल्या ऑटोमोटिव्ह लिफ्ट इन्स्टिट्यूटच्या मानकानुसार प्रशिक्षित तपासनिसाकडून वर्षातून किमान एकदा तपासणी करायची असते, आणि मला ते कुठेही पाळण्यासारखं वाटतं. दुरुस्त केलेल्या लिफ्टवर तर पहिली गाडी चढण्याआधीच दुसऱ्या जाणत्या डोळ्यांनी ती पाहिलेली बरी.

सध्या दुसरी एक लिफ्ट बघून आलो आहे, स्क्रूवर चालणारी. हिच्यात तेलाचा प्रश्न नाही, पण प्रत्येक खांबातला सगळा भार एका नटावर असतो आणि तो नट झिजतो. त्याच्या खाली एक सेफ्टी नट असतो. दोघांमधलं अंतर मोजलं की मुख्य नट किती खाल्ला गेलाय ते कळतं. इथे अंतर मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या जवळ आलंय. खांब मात्र उत्तम आहेत, पाटी स्वच्छ वाचता येते. नटांची विचारणा केली आहे. दोन्ही बाजूंचे नवे मिळणार असतील तर घेईन, नाहीतर सोडून देईन.