मेंबरशिप फी खर्चात धरावी, की ४४एडीएमध्ये निम्मं उत्पन्न दाखवून मोकळं व्हावं?

डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, सीए, कंपनी सेक्रेटरी (सीएस), आयटी सल्लागार, कुणीही असा, काही खर्च दरवर्षी न चुकता येतात: कौन्सिलची नोंदणी, संघटनेची वर्गणी, जर्नल, अधिवेशनाची फी. हे सगळं पावतीसकट दाखवून पूर्ण हिशेब ठेवायचा, की आयकर कायद्याच्या कलम ४४एडीएखाली वर्षभरात व्यवसायातून आलेल्या एकूण जमेच्या ५० टक्के उत्पन्न धरायचं, असा प्रश्न आहे. नोकरदारांना तो पडतच नाही. पगारातून मेंबरशिप फीची वेगळी वजावट मिळत नाही. नव्या करप्रणालीतली ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट सगळं पोटात घेते. (१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. सगळ्यांच्या तोंडी जुनेच आहेत, म्हणून इथेही तेच वापरतो.)

पूर्ण हिशेबात मेंबरशिप फी कलम ३७(१) मध्ये बसते. खर्च निव्वळ व्यवसायासाठी हवा, खाजगी नको आणि भांडवली नको. वार्षिक वर्गणीला सहसा अडचण येत नाही. आजीव सदस्यत्वाला येऊ शकते, कारण एकदाच मोठी रक्कम भरून अनेक वर्षं फायदा घेतला, तेव्हा हा खर्च भांडवली आहे, असा आक्षेप ठरलेला. जिमखान्याची फी ‘तिथे अशील भेटतात’ एवढ्या आधारावर दाखवू नये, असं मला वाटतं. एका व्यक्तीला किंवा संस्थेला एका दिवसात १०,००० रुपयांच्या वर रोख दिले, तर ४०ए(३) मुळे तो खर्च सरळ नामंजूर होतो. कौन्सिलच्या खिडकीवर रोख भरणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवावं.

पूर्ण हिशेबाबद्दल माझं मत फिरलं ते मात्र पावतीमुळे. समजा संघटनेच्या पोर्टलवर तुम्ही ९,५८० रुपये भरले. बँकेत एकच आकडा दिसतो. पावती उघडली की त्यात वर्गणी ६,०००, तिच्यावर १८ टक्के जीएसटी १,०८०, इमारत निधी १,५०० आणि कल्याण निधी १,००० निघतात. ६,००० निर्विवाद खर्च. १,०८० चं जीएसटी क्रेडिट (भरलेला जीएसटी स्वतःच्या देय जीएसटीतून वजा करणं) घेतलं असेल तर ते खर्चात येत नाहीत. तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर येतात. दोन्ही निधी ऐच्छिक असतील तर ती देणगी झाली. तिची ८०जी सवलत (देणगीवरची करवजावट) संस्थेकडे ८०जीची मान्यता असेल आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल, तरच. म्हणजे ९,५८० मधले हक्काचे सहा ते सात हजार. सेससह ३१.२ टक्के कर धरला तरी ६,००० वर वाचतात १,८७२ रुपये. एवढ्यासाठी पावती फोडायची, चार खात्यांत नोंदवायची आणि जपून ठेवायची. वर्षाला अशा पाच-सहा पावत्या येतात आणि प्रत्येकीची रचना वेगळी असते. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं नूतनीकरण पाच वर्षांनी होतं. रोख पद्धतीने (पैसे दिले-घेतले तेव्हाच नोंद) वही ठेवत असाल तर भरलं त्या वर्षीचा खर्च. व्यापारी पद्धतीने (खर्च ज्या काळाचा त्या काळात नोंद) ठेवत असाल तर पाच वर्षांत विभागायचा का, यावर तुमच्या सीएशी एक बैठक.

याच्यापुढे खरा अडसर आहे ऑडिटचा. जमा ४४एडीएच्या मर्यादेत आहे, पण खर्च जास्त म्हणून ५० टक्क्यांपेक्षा कमी उत्पन्न दाखवलं आणि एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर गेलं, की वह्या आणि ऑडिट दोन्ही लागतात. जमा २० लाख असली तरीही. अनेकांना वाटतं की ५० लाखांच्या खाली ऑडिटचा संबंधच नाही. नेमके तिथेच ते अडकतात.

३० लाखांची जमा घ्या. ४४एडीएने उत्पन्न १५ लाख. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत सेससह कर १,०९,२००. खरा खर्च १६.२ लाख असेल तर उत्पन्न १३.८ लाख आणि कर ९०,४८०. फरक १८,७२० रुपये. यातून ऑडिटची फी आणि वर्षभर वह्या लिहिणाऱ्याचा पगार वजा करून पाहा. जमा २४ लाख असेल आणि दुसरं उत्पन्न नसेल, तर ४४एडीएचं उत्पन्न येतं १२ लाख. त्यावर ८७एची (ठरावीक उत्पन्नापर्यंतचा कर माफ करणारी) सूट मिळून कर शून्य. मग मेंबरशिप फी दाखवून वाचवायचं काय?

आगाऊ कराचंही तसंच. ४४एडीएमध्ये १५ मार्चपर्यंत एकच हप्ता; पूर्ण हिशेबात जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च असे चार.

४४एडीएच्या मर्यादाही बघून घ्या. ५० लाखांपर्यंत जमा, रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. फक्त निवासी व्यक्ती आणि भागीदारी फर्म, एलएलपीला नाही. व्यवसायही ठरावीक, त्यामुळे क्लास घेणारे शिक्षक किंवा योग प्रशिक्षक यात येत नाहीत. ५० टक्के धरले की त्यात मेंबरशिप, भाडं, घसारा, महाराष्ट्रातला २,५०० रुपयांचा व्यवसाय कर सगळं आलं. वर आणखी काही मागता येत नाही. खरं उत्पन्न निम्म्यापेक्षा जास्त असेल तर जास्त दाखवण्याची सोय कलमातच आहे, आणि बँकेतली शिल्लक बोलत असेल तर ते दाखवणंच बरं. पावत्या टाकून मात्र देऊ नका. जीएसटी नोंदणी असेल तर वर्गणीवरचं क्रेडिट ४४एडीएमध्येही घेता येतं. त्याचा आयकराच्या पर्यायाशी संबंध नाही. परदेशी संस्थेची मेंबरशिप असेल तर रिव्हर्स चार्जने (सेवा घेणाऱ्यानेच जीएसटी भरायचा) आधी कर भरावा लागतो, मग क्रेडिट.

स्वतःची ओपीडी, दोन-तीन पगारी माणसं, महागडं यंत्र आणि जागेचं भाडं असलेल्या डॉक्टरला पूर्ण हिशेब परवडेल, खर्च ६०-६५ टक्क्यांवर जात असेल तर नक्कीच. घरातून काम करणाऱ्या सल्लागाराने किंवा छोटं ऑफिस असलेल्या वकिलाने त्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत. मी स्वतः ४४एडीएच निवडलं आहे. शिवाय व्यापाऱ्यांसाठीच्या अशाच अंदाजित उत्पन्नाच्या कलमात, ४४एडीत, एकदा बाहेर पडलं की पाच वर्षं परत येता येत नाही, ती अट ४४एडीएला नाही. ऑफिसचं मोठं काम काढलं त्या वर्षी पूर्ण हिशेब, पुढच्या वर्षी परत निम्मं, असं करता येतं.